साठीशांत, काशीयात्रा आणि महाबळेश्वर

आईची किंवा वडिलांची साठी, पंच्याहत्तरी, ऐंशी पूर्ण झाली की मुले, सुना, जावई, नातवंडे अशा सगळ्या गोतावळ्याने दोन-तीन दिवस बाहेरगावी जाऊन राहायचे, ही पद्धत महाराष्ट्रातल्या शहरी घरांत आता चांगली रुळली आहे. ती वरवर अगदी नवी वाटते. पण तिच्यात दोन जुन्या प्रथा मिसळल्या आहेत. एक म्हणजे वयाच्या ठरावीक टप्प्यावर करायची शांत आणि दुसरी म्हणजे उतारवयात करायची तीर्थयात्रा. या दोन्ही प्रथा शेकडो वर्षे वेगवेगळ्या चालत आल्या. शांत घरच्या अंगणात व्हायची आणि तिला मुहूर्त लागायचा. यात्रेला मुहूर्तापेक्षा सोबत आणि पैसा जास्त लागायचा. त्या एकत्र आल्या त्या गेल्या पन्नासेक वर्षांत, आणि तेही धर्मशास्त्रापेक्षा रजेच्या आणि तिकिटांच्या सोयीने.

शांतीचे शास्त्र पन्नाशीपासून सुरू होते. महाराष्ट्रातल्या पौरोहित्यात दर पाच वर्षांना एक शांत सांगितलेली आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टीला मृत्युंजय महारथी, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री, ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन आणि पुढे शंभरीपर्यंत आणखी. व्यवहारात मात्र लोकांनी यातल्या तीनच खऱ्या अर्थाने उचलल्या: साठी, पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्र. बाकीच्या पोथीतच राहिल्या.

साठीला एवढे महत्त्व येण्याचे कारण पंचांगात आहे. प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरांची माळ संपली की पुन्हा प्रभवापासून सुरू होते. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात, शनीला सुमारे तीस. साठ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होऊन दोघे जवळपास मूळ जागी येतात. म्हणजे साठ पूर्ण करणाऱ्या माणसाला त्याच्या जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा भेटते. हा एका अर्थाने दुसरा जन्मच. म्हणून या वेळी नवरा-बायकोला नव्याने बोहल्यावर चढवल्यासारखे पाटावर बसवायचे, कलशांतल्या पाण्याने अभिषेक करायचा, असा विधी आला. तमिळनाडूत तर साठीला पुन्हा मंगळसूत्र बांधतात आणि त्यासाठी मयिलादुतुरैजवळच्या तिरुक्कडयूरला जातात. मार्कंडेयाला शंकराने यमाच्या पाशातून सोडवले ते इथे, अशी त्या देवळाची आख्यायिका आहे. साठी, सत्तरी, ऐंशीची जोडपी तिथे वर्षभर रांगेने येत असतात. पालकांच्या वाढदिवसासाठीच प्रवास करायचा, असे खास गाव असण्याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात नाही. इथे त्र्यंबकेश्वर किंवा नृसिंहवाडी अशा ठिकाणी शांत करणारे होते आणि आहेत, पण बहुतेकांची शांत घरीच व्हायची.

सहस्रचंद्रदर्शनाचे गणित आणखी मजेदार आहे. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, ही कल्पना. वर्षाला बारा पौर्णिमा धरल्या तर हजार भरायला त्र्याऐंशी वर्षे चार महिने लागतील. पण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिकमास येतो, आणि ऐंशी वर्षांत असे तीसेक महिने जादा पदरात पडतात. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस धरून हिशेब केला तर हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. ऐंशी पूर्ण झाल्यावर एक्क्याऐंशीव्या वर्षात हा सोहळा करण्याची जी रीत आहे, ती या हिशेबाला धरूनच आहे. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणे, काशाच्या वाटीतल्या तुपात तोंड पाहून ते दान करणे, गुळाची किंवा पुस्तकांची तुला करणे, हे त्यातले लोकप्रिय भाग. वयाबद्दल आदर असला तरी भीतीही होती. सत्त्याहत्तर वर्षे, सात महिने पूर्ण झाल्यावरची सातवी रात्र संकटाची मानण्याची एक समजूत आहे. तिला भीमरथी म्हणतात, आणि बंगालीत याच शब्दाचा ‘भीमरति’ होऊन त्याचा अर्थ म्हातारचळ असा झाला. मराठीतही साठी आणि बुद्धी यांची गाठ म्हणीने घालून दिली आहेच.

या शांती फार थोड्या घरांत होत. एक तर साठी गाठणारी माणसेच कमी. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. अर्थात ही सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली असते, तरीही नवरा आणि बायको दोघेही साठीपर्यंत सोबत असणे ही भाग्याची गोष्ट होती. दुसरे म्हणजे जन्माची तिथी लिहून ठेवण्याची चाल पत्रिका करणाऱ्या घरांपुरती. बाकीच्यांचे वय मोठ्या दुष्काळाच्या किंवा प्लेगच्या वर्षावरून सांगितले जायचे. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिन्याच्या हिशेबाने एक तारीख टाकून दिली. म्हणूनच महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा झाल्यावर ही तऱ्हा हळूहळू थांबली. पण आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या अनेकांची सहल अजूनही अशा गुरुजींनी ठरवलेल्या तारखेला धरूनच आखली जाते, आणि खरी तिथी कोणती यावर आत्याचे आणि काकांचे कधी एकमत होत नाही.

तीर्थयात्रेची बाजू याहून जुनी आणि याहून नाट्यमय. आईवडिलांना कावडीत बसवून नेणारा श्रावणबाळ सगळ्या भारताचा. महाराष्ट्राची स्वतःची कथा पुंडलिकाची. लोकांत सांगितली जाते ती कथा अशी की, पुंडलिक काशीला निघाला तेव्हा त्याने बायकोला खांद्यावर घेतले आणि म्हाताऱ्या आईवडिलांना फरफटत चालवले. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तो परत फिरला आणि आईवडिलांच्या सेवेला लागला. देव भेटायला आला तेव्हाही त्याला उठायला फुरसत नव्हती, म्हणून त्याने वीट भिरकावली. पंढरपूरच्या मुळाशी असलेली ही कथा एका फसलेल्या कौटुंबिक सहलीची आहे, हे सहसा कोणी म्हणत नाही.

इतिहासात नोंद राहिलेल्या, मुलाने आईसाठी केलेल्या मोठ्या यात्रा पाहिल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. या आया बहुतेक विधवा होत्या. शहाजीराजांचे निधन जानेवारी १६६४ मध्ये झाले. त्यानंतर वर्षभराने, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाचे पर्व साधून शिवाजी महाराजांनी जिजाऊंना क्षेत्र महाबळेश्वरी नेले आणि तिथे त्यांची सुवर्णतुला केली. वृद्ध सोनोपंत डबीरांचीही तुला त्याच वेळी झाली. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा धरला, तर त्या तेव्हा सदुसष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. निमित्त ग्रहणाचे होते, वाढदिवसाचे नव्हे. पण थकत चाललेल्या आईला डोंगरावर नेऊन तिच्यासाठी काही मोठे करायचे, हा भाव आजच्या माणसाला सहज ओळखू येतो.

दुसरे उदाहरण राधाबाईंचे. पहिल्या बाजीरावाची आई, बाळाजी विश्वनाथाची विधवा. १७३५-३६ मध्ये त्या उत्तरेच्या यात्रेला गेल्या: उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया. वाटेतल्या राजांनी त्यांचा सत्कार केला, जयपूरच्या सवाई जयसिंगाने तर विशेष. ही यात्रा आईच्या पुण्यासाठी होती, तशी ती पुण्याच्या दरबाराच्या वजनाची चाचणीही होती. पेशव्याची म्हातारी आई मोगली मुलुखातून सुखरूप जाऊन येते, याचा अर्थ दिल्लीपर्यंत सगळ्यांना कळला. एका वृद्धेच्या यात्रेचा इतका राजकीय उपयोग दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही.

तिसरी यात्रा दुर्दैवी. नाना फडणीस अठरा वर्षांचा असताना विधवा आईला आणि बायकोला घेऊन सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेला. लष्कराच्या संगतीने तीर्थे करणे त्या काळी सुरक्षित मानले जायचे, म्हणून अशी कितीतरी कुटुंबे फौजेसोबत होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळी दाणादाण झाली. नाना कसाबसा परतला, आई मात्र त्या धुमाळीत गेली. नानाच्या आत्मवृत्तात ही हकीकत आहे.

विधवेला शांतीच्या पाटावर जागा नव्हती. तो विधी जोडप्याचा. हळदीकुंकवाच्या, मंगळसूत्राच्या प्रसंगात तिला मागे उभे राहावे लागे. यात्रा मात्र तिला मोकळी होती, आणि तीच तिच्या आयुष्यातला एकमेव मोठा सोहळा ठरायची. आजही घरोघरी वडील गेल्यावर ‘आता आईला कुठेतरी फिरवून आणू’ असे निघते. त्यामागे ही जुनी वाट आहे.

सामान्य माणसाला आईवडिलांना काशीला नेणे परवडत नसे. मग काशीच घरी आणायची. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी आतून पाहिला. कमावलेले बहुतेक लुटले गेले, पण गंगाजळाची कावड त्यांनी खांद्यावर घरापर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून गाजला. पण एका मुलाने आईवडिलांसाठी केलेली धडपड म्हणूनही तो वाचण्यासारखा आहे.

यात्रेची व्यवस्था पाहणारा माणूस म्हणजे क्षेत्रोपाध्याय. उतरण्याची जागा, स्वयंपाकाची भांडी, श्राद्धविधी, परतीची सोबत हे सगळे तो पाही आणि घराण्याच्या चोपड्यात आलेल्यांची नावे लिहून घेई. पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याच चोपड्यात पणजोबांची सही दाखवून गिऱ्हाईक पक्के करायचे, ही त्याची हातोटी. त्र्यंबकेश्वराला किंवा काशीला अजूनही असे चोपडे निघतात, आणि पंच्याहत्तरीच्या निमित्ताने आजोबांना घेऊन गेलेल्या नातवंडांना देवळापेक्षा त्या चोपड्यातली ओळ जास्त लक्षात राहते. घरून निघताना दशम्या, मेतकूट, भाजणी, फिरकीचा तांब्या आणि वळकटी एवढी सिद्धता असे. सुखरूप परत आल्यावर गंगापूजन करून गावजेवण घालायचे, त्याला मावंदे म्हणत. मावंदे झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे कोणी मानत नसे. जाताना ‘परत येईन की नाही’ ही धाकधूक खरी होती, म्हणून निरोप घेताना लोक व्यवहाराची निरवानिरव करून जात.

रेल्वेने हे सगळे बदलले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी थेट पुण्याकडे जाऊ लागली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. जी काशी कित्येक महिन्यांची होती ती काही दिवसांवर आली. सोवळ्याचे काय करायचे हा मोठा प्रश्न झाला. डब्यात कोण शेजारी बसेल याचा नेम नाही, स्टेशनावरचे पाणी कोणी भरले ठाऊक नाही. कर्मठ म्हातारी मंडळी दोन-दोन दिवस कोरड्या फराळावर काढीत. पण गर्दी हटली नाही. यात्रा म्हाताऱ्यांच्या आवाक्यात प्रथमच आली, आणि मुलगा रजा काढून त्यांना पोचवून परत आणू शकतो, ही गोष्टही प्रथमच शक्य झाली.

गोव्यात कुटुंबाचे एकत्र जाणे वेगळ्या रीतीने बांधले गेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली तेव्हा मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देव नदीपलीकडे फोंडा भागात हलवले गेले. महाजनांची घराणी पुढे कारवार, मंगळूर, मुंबई अशी पांगली, पण कुलदेवता तिथेच राहिली. देवळाभोवतीच्या अग्रशाळांत महाजनांना उतरायला खोल्या असत. त्यामुळे मुंबईतल्या सारस्वत घरात वडिलांची साठी आली की ‘देवाक वचपाचे’ हे आधीच ठरलेले. अभिषेक, महाप्रसाद, दोन दिवस अग्रशाळेत मुक्काम. कार्यक्रम घरचा आणि जागा देवाची. आज ज्याला कौटुंबिक सहल म्हणतात, तिचे सर्वांत जुने आणि अखंड चालत आलेले रूप हेच असावे. घाटावरचे लोक जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर, माहूरला असेच जात, पण मुक्काम सहसा एक रात्रीचा.

हवेसाठी डोंगरावर जाणे ही कल्पना इंग्रजांची. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेऊन गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावाने माल्कम पेठ वसली. जिजाऊंची तुला झाली ते क्षेत्र महाबळेश्वर आणि ही पेठ यांच्यात अंतर थोडेसेच. पण एकाच डोंगरावर कृष्णेच्या उगमाला जाणारी आणि बाजारात हवा खायला जाणारी अशा दोन गर्द्या तेव्हापासून आहेत, आणि दोन्हींना एकमेकींचे फारसे कौतुक नाही. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत आले. नेरळहून वर जाणारी सुमारे २० किलोमीटरची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या खटपटीने. बापलेकांच्या या उद्योगाचा फायदा पुढे अनेक बापलेकांना झाला. माथेरानात मोटारी नाहीत. म्हाताऱ्या माणसाला घोडा किंवा हातरिक्षा एवढाच पर्याय होता, आणि माणसाने माणसाला ओढायचे यावर दीर्घकाळ वाद चालला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या.

मराठी मध्यमवर्ग या थंड हवेच्या ठिकाणी उशिरा पोचला. आधी पारशी, गुजराती, बोहरी शेटजी. मराठी माणूस गेला तो आजारातून उठल्यावर, डॉक्टरांनी ‘हवापालट करा’ सांगितले म्हणून. लोणावळा, देवळाली, पाचगणी इथली आरोग्यभवने त्यासाठीच होती. मजेसाठी डोंगरावर जाऊन पैसे उडवणे हे बऱ्याच घरांत १९६० पर्यंत उधळेपणाचे लक्षण मानले जाई. आईवडिलांच्या बाबतीत तर जास्तच. त्यांनी जायचे ते देवाला, असा दंडक होता.

याच काळात साठीला सार्वजनिक रूप आले. लोकमान्य टिळकांची षष्ट्यब्दिपूर्ती २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात गायकवाड वाड्यात झाली. लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्याला दिली. त्याच दिवशी सरकारने राजद्रोही भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागणारी नोटीस बजावली. वाढदिवसाला सरकारकडून मिळालेला हा आहेर पुढे नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने रद्द केला. टिळकांचे वकील होते बॅरिस्टर जिना. यानंतर लेखक, गायक, शिक्षक यांच्या एकसष्ट्या, अमृतमहोत्सव, गौरवग्रंथ यांची प्रथा फोफावली. धोंडो केशव कर्व्यांची शंभरी १९५८ मध्ये देशाने साजरी केली, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयातीत टपाल तिकीटही निघाले.

घरगुती शांत या सार्वजनिक सत्काराची नक्कल करू लागली. अंगणाच्या जागी मंगल कार्यालय आले, पत्रिका छापल्या गेल्या, शाल-श्रीफळ आले, मुलांची मनोगते आली आणि पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आली. होम सकाळी अकरापर्यंत उरकायचा, कारण साडेबाराला पंगत. ज्याच्यासाठी हे सारे, तो माणूस दिवसभर नमस्कार घेत उभा राहून थकून जायचा. हे थकणे हेच पुढे अनेक घरांत कार्यालय टाळून बाहेर जाण्याचे पहिले कारण झाले.

दुसरे कारण पगारातून आले. १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरदारांना रजा प्रवास सवलत (एलटीसी) सुरू केली. आधी ती गावी जाण्यापुरती होती, पुढे चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जाण्यासाठी मिळू लागली. कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडील बसत. म्हणजे टपालात किंवा केंद्राच्या कचेरीत असलेल्या मुलाला आईवडिलांना कन्याकुमारी दाखवणे जवळजवळ फुकटात जमू लागले. एलटीसी हा शब्द मराठी घरात ‘यात्रा’ या शब्दाइतकाच ओळखीचा झाला तो याच काळात. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निघाले आणि त्याची निवासस्थाने महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळ्यापर्यंत पसरली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाल्यावर कोकण हे मुंबईकरांचे नुसते माहेर न राहता सहलीचे ठिकाणही झाले, आणि न्याहारी-निवास योजनेतून घरगुती खोल्या मिळू लागल्या. आईला मासे तसेच हवेत आणि बाबांना सोलकढी, ही अट पुरी करणारी जागा हॉटेलपेक्षा अशा घरातच सापडायची.

यात्रा कंपन्या याआधीपासून होत्याच. आचारी बरोबर, पिठले-भात रोज, मुक्काम धर्मशाळेत. त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः ज्येष्ठ. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरीने आणि २०१३ मध्ये निघालेल्या वीणा वर्ल्डने त्या साच्याला परदेशाची आणि चांगल्या हॉटेलची जोड दिली. ज्येष्ठांच्या आणि केवळ महिलांच्या वेगळ्या सहली हा त्यांचा खास मराठी शोध म्हणता येईल. एकट्या पडलेल्या आईला काशीऐवजी सिंगापूर मिळाले, आणि सोबत तिच्याच वयाच्या तीस बायका. राधाबाईंच्या तांड्याशी याची तुलना अगदीच गैरलागू नाही.

शांत आणि यात्रा यांची अखेरची गाठ बांधली ती परदेशी गेलेल्या मुलांनी. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, त्यानंतर मराठी डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले. १९९० नंतर संगणकवाले गेले. आता वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन तिथीला करायचे म्हटले तर मुलगा ऑगस्टात येऊ शकत नाही, मुलीच्या मुलांची शाळा सुरू असते. म्हणून सोहळा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलला जातो. एकदा तिथी सुटली की घरही सुटते. चार ठिकाणांहून येणाऱ्या सोळा माणसांना राहायला पुण्यातल्या दोन खोल्या पुरत नाहीत. मग सकाळी त्र्यंबकेश्वराला किंवा नृसिंहवाडीला अभिषेक आणि संध्याकाळी जवळच्या रिसॉर्टवर केक, असा जोडकार्यक्रम ठरतो. गुरुजीही पूजेचे साहित्य गाडीत घालून रिसॉर्टवर येतात.

आखणीचे हक्कही या ओघात उलटे झाले. जुन्या यात्रेत निर्णय वडीलधाऱ्यांचा आणि पैसाही बहुतेक त्यांचाच. मुलगा सोबत म्हणून जाई. आताची सहल मुले ठरवतात, मुले खर्च करतात, आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना कित्येकदा गाडीत बसल्यावर कळते. हे गुपित ठेवणे कौतुकाचे असले तरी ते सोयीचे नसते. साठीच्या माणसाला चालते ते ऐंशीच्या माणसाला चालत नाही. गुडघ्यांचे दुखणे, रात्री दोनदा उठावे लागणे, कमोड, तळमजल्याची खोली, जेवणाआधीचे इन्शुलिन, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. १,३७२ मीटर उंचीवरच्या महाबळेश्वराची डिसेंबरची रात्र सांधेदुखीवाल्याला सोसत नाही. एक जागा, दोन मुक्काम, गाडीत सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि रोज दुपारी झोप, एवढी पथ्ये पाळणारी घरे सुखाने परततात. एका दिवसात चार ठिकाणे पाहायला निघणारी परतताना भांडतात.

कुठे जाता येते याची यादीही यंत्रांनी वाढवली. रायगडावर १९९६ मध्ये रोपवे झाला आणि हजारावर पायऱ्या ज्यांना अशक्य होत्या, त्यांना जिजाऊंच्या मुलाची राजधानी पाहता आली. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर गाडी आहे. पूर्वी तिथे वृद्धांना डोलीतून न्यावे लागे.

सरकारी सवलतींचे चित्र मात्र उलटसुलट आहे. रेल्वेत साठीनंतर पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नानंतर स्त्रियांना पन्नास टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. मर्यादित उत्पन्नाच्या, साठ ओलांडलेल्या सर्व धर्मांच्या नागरिकांना आयुष्यात एकदा तीस हजार रुपयांपर्यंतची यात्रा तीत मिळते. एसटीत ज्येष्ठांना अर्धे तिकीट आधीपासून आहे आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात कुठेही मोफत प्रवास आहे. मुलांचे जमले नाही तरी आधार कार्ड खिशात घालून महाबळेश्वरची गाडी धरायला आता कोणाची परवानगी लागत नाही.